दुसऱ्याच्या हातचं

हॉटेल कसं निवडावं याबद्दल काकांचं स्वतःचं एक शास्त्र होतं, आणि बसमधून उतरल्या उतरल्या, दोन्ही हातांत बॅगा असताना, ते त्यांनी बायकोला ऐकवायला सुरुवात केली. मेन्यू लांबलचक असेल तिथे पाऊल ठेवू नये, कारण ज्याला सगळं येतं त्याला काहीच धड येत नाही. दारात उभा राहून कोणी हाका मारत असेल तर मान खाली घालून पुढे जावं. चांगल्या अन्नाला ओरडावं लागत नाही. आणि खुर्चीत बसण्याआधी हात धुण्याच्या निमित्ताने बेसिन बघून यावं.

"बेसिन स्वच्छ तर आतली कढई स्वच्छ," काका म्हणाले. "आपण फसायचं नाही. आठवडा आपला आहे."

मावशी "हूं" म्हणाली. ती रस्त्याच्या टोकाला दिसणारा पाण्याचा निळा तुकडा बघत होती. समुद्र तिने याआधी एकदाच पाहिला होता, तोही मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर, सगळ्यांचे डबे सांभाळत.

काका आणि मावशी ही त्यांची खरी नाती नव्हेत. ती एका मोठ्या कचेरीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. तिथे साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि मावशीचा नवरा म्हणून हे आपोआप काका झाले. आयते एवढे भाचे मिळालेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही, असं काका सांगत फिरायचे. माणूस वाईट नव्हता. बोलका होता, खाण्याचा शौकीन होता आणि बायकोच्या हाताला चव आहे हे तो चारचौघांत सांगायचा. एवढंही सगळ्याच बायकांच्या नशिबी नसतं.

कॅन्टीनमध्ये ती सकाळी आत शिरली की भांडी घासणारी बाई पाठ न वळवता म्हणायची, "मावशी, आधण ठेवलंय." तिथून तिचा दिवस सुरू व्हायचा. मग चिरणं, परतणं, उकळणं, वाढणं. सगळे जेवून उठले की खिडकीजवळच्या फळीवर तिचं ताट असायचं, वर दुसरं ताट पालथं घालून झाकलेलं. तोवर ते गार झालेलं असायचं आणि तिची भूकही मेलेली असायची. दिवसभर फोडणीच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारा, वासानेच पोट भरतं. ती दोन घास खायची आणि ताट बाजूला सारायची. घरी संध्याकाळी तेच. आधी मुलगी, मग नवरा, मग ती. लग्नाकार्यात, पाहुण्यांकडे, कुठेही पंगत बसली की काका न विचारता सांगायचे, "तिचं झाकून ठेवा. ती मागाहून जेवते." त्यात दुष्टपणा काही नव्हता. अमका चहा घेत नाही, तमक्याला वांगं चालत नाही, तशी ती एक माहिती होती.

गेल्या वर्षभरात मात्र तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काहीही सापडलं नाही. "नीट जेवत जा," एवढंच ते म्हणाले. शेवटी लेकच वैतागली. तिने बसची तिकिटं काढली, खोली ठरवली आणि आईला दम दिला. "आठवडाभर चुलीचं तोंड बघायचं नाहीस. दुसऱ्याच्या हातचं, गरमगरम, बसून खायचं. परत येशील तेव्हा मला तुझे गाल दिसले पाहिजेत."

तेव्हा मावशी समुद्र बघायला आली नव्हती. दुसऱ्या कोणीतरी रांधलेलं, दुसऱ्या कोणीतरी वाढलेलं एक ताट गरम असताना भुकेने जेवावं, यासाठी ती आली होती. एवढीच तिची हौस होती आणि तीही तिला जरा जास्त वाटत होती.

खोली गवती टोप्या आणि वाळूत खेळायच्या बादल्या विकणाऱ्या दुकानावर होती. खाऱ्या हवेने भिंतीचा रंग फुगून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. चादर कायम किंचित दमट, आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात कोणा आधीच्या पाहुण्याच्या पायांची वाळू. बाल्कनीत उजव्या टोकाला उभं राहून वाकलं तर समुद्र दिसायचा. खालच्या गल्लीत ओळीने हॉटेलं होती. इथे सगळे तिला मॅडम म्हणत होते. बसवाला, खोलीवाला, टोप्या विकणारा. तिला ते फार आवडलं. तिला वाटलं, मावशीला आपण घरीच ठेवून आलो ते बरं झालं.

पहिलं जेवण त्यांनी किनाऱ्यावरच्या निळ्या खुर्च्यांच्या हॉटेलात घेतलं. बेसिन काकांच्या परीक्षेत पास झालं. पांढऱ्या मिशांच्या वेटरने मावशीसाठी खुर्ची मागे ओढली, तेव्हा ती आधी बाजूला सरकली, त्याला वाट हवी असेल असं वाटून. मग तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि तिच्यासमोर ताट ठेवलं गेलं. तळलेला मासा, मिरपूड घातलेले उकडलेले बटाटे, परतलेल्या शेंगा. वाफ तिच्या तोंडावर आली. ताटासाठी रडायचं म्हणजे हसंच की, म्हणून तिने पदराने चष्मा पुसला.

काकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अगं! हे तर थेट तुझ्या हातचं!"

"चला, काहीतरीच."

"शपथ. मिरपूड बघ. भरड कुटून, आच बंद केल्यावर घातलेली. तू घालतेस तशी."

तिने घास घेतला. काहीही वाईट नव्हतं. मीठ बरोबर, मासा कुरकुरीत. पण घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. कॅन्टीन बंद होताना फळीवरचं ताट पुढे घेतल्यावर व्हायचं, अगदी तसंच. पोट भरलेलं, जीभ थकलेली. तिने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"प्रवासाचा शीण असेल," ती म्हणाली. काकांनी तिचंही संपवायची तयारी दाखवली, पण मिशावाल्याने ताट आधीच उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती उशिरापर्यंत झोपली. आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. काका सकाळीच फिरायला आणि हॉटेलं हेरायला बाहेर पडले होते. ते दुपारी परत आले तेव्हा ती नुकती उठून पलंगाच्या कडेला बसली होती. तिचे खांदे भरून आले होते आणि पाय सुजले होते.

"झोप की," काका म्हणाले. "त्याचसाठी तर आलोय."

"अंग मोडून आल्यासारखं झालंय."

"खारी हवा. सुरुवातीला होतं तसं."

त्या दुपारी ते बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या जरा भारी हॉटेलात गेले. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, घडी घातलेले रुमाल, हळू आवाजात बोलणारी माणसं. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर होतं. भिंतीत एक कपाटाएवढी छोटी लिफ्ट होती. तिच्यातून दोरावर ताटं खाली यायची, घंटी वाजायची आणि वेटर ती उचलायचा. हे सगळं काकांना फार गमतीचं वाटलं. मावशीने माशाचा तुकडा उचलला आणि खालच्या भाज्यांकडे बघून तिचा हात थांबला.

इथे तिच्या बोटाबद्दल सांगायला हवं. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट फार वर्षांपूर्वी कॅन्टीनच्या लोखंडी दारात सापडलं होतं. ते तेव्हापासून वाकत नाही. भाजी धरताना बाकीची बोटं आत दुमडतात आणि ते एकटं सरळ राहतं, त्यामुळे गाजराच्या शेवटाला सुरी तिरकी जाते आणि एक तुकडा पाचरीसारखा पडतो, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखा पातळ. प्रत्येक गाजरामागे एक. कॅन्टीनमध्ये ज्याच्या ताटात तो येई तो म्हणायचा, "आज मावशीची सही मिळाली."

माशाखाली गाजराची एक पाचर होती.

तिने ती काट्याने उचलून ताटाच्या कडेला ठेवली. मग वेटरला बोलावलं.

"तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

"माहीत नाही, मॅडम. आम्ही खालची माणसं."

"कधी वर गेला नाहीत?"

"आम्ही येतो तोवर सगळं सुरू झालेलं असतं." त्याने छोट्या लिफ्टकडे बघितलं. हा प्रश्न आपल्याला आजवर कसा पडला नाही, असं क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. "जेवण चांगलं नाही का?"

"चांगलं आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि पाणी ओतून निघून गेला.

पुढच्या सकाळी ती पुन्हा झोपली. झोपायचं नव्हतं तिला. काका गेले, ती केस विंचरायला बसली, आणि जाग आली तेव्हा फणी गादीवर होती आणि ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं होतं. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, पुष्कळ वेळ पाण्यात हात असावेत तशी. तिने ती नाकाशी नेली. नखांत कांद्याचा वास होता.

तिने साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. काका आल्यावर विचारलं, "अहो, मी सकाळी कुठे गेले होते का?"

"तू? तोफ डागली तरी उठली नसतीस. गेलो तेव्हा जांभया देत होतीस, आलो तेव्हा डोळे चोळतेयस."

"आणि मधे?"

"मधे मी तुझ्यासाठीच हॉटेलं बघत हिंडत होतो ना." काका जरा दुखावले होते.

मग ते हिंडतच राहिले. बागेतलं हॉटेल, जिथे झाडाला दिवे टांगले होते. बसस्टँडजवळचं, जिथे ड्रायव्हर जेवायचे, म्हणजे काकांच्या शास्त्राप्रमाणे उत्तमच. आणि ते एक, जिथे मोठ्या बशीच्या मधोमध लहान मुलाच्या मुठीएवढं अन्न यायचं आणि वर पाल्याचं एक पान. रस्ते बदलले, खुर्च्या बदलल्या, वेटरांचे कपडे बदलले. बटाट्याच्या सूपच्या तळाशी पाचर होती. भाताच्या मुदीत पाचर होती. मोठ्या बशीतल्या त्या मुठीएवढ्या अन्नाला टेकू म्हणूनही एक पाचर उभी केली होती. मावशी प्रत्येक ठिकाणी दोन घास खायची आणि ताट सारायची. काकांच्या शर्टाचं पोटावरचं बटण आता लागेना.

"या गावात वाईट हॉटेल सापडेल तर शपथ," ते तृप्त होऊन म्हणाले. "आणि गंमत बघ, काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढ्या लांब येऊन मी रोज तुझ्याच हातचं खातोय."

ते गमतीनेच म्हणाले होते. मावशीला हसू आलं नाही. तिला इतकं थकायला झालं होतं की हसायलाही खांदे उचलावे लागतील असं वाटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"जेवतेस ना गं?"

"हो."

"मग आवाज असा दमलेला का?"

"झोप जास्त होतेय," मावशी म्हणाली. लेकीला यापेक्षा वेगळं काय सांगायचं ते तिला सुचलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंही नव्हतं. गाजराचे तुकडेच तर होते.

दुसऱ्या दिवशी हॉटेल तिने निवडलं. धक्क्याच्या अगदी टोकाला, बोटी बांधायच्या जागेपाशी, पत्र्याचं छप्पर घातलेली एक टपरी होती. एक माणूस, एक शेगडी, एक तवा. बेसिन नव्हतंच, एक बादली होती. काका नाक मुरडत होते, पण ती बाकावर अशी बसली की त्याचे हात दिसावेत. त्याने अंडी फोडली. जाडजूड, केसाळ, परके हात. तव्यावर लोणी टाकलं, त्याचा चर्र आवाज झाला, पावाच्या कडा भाजल्या गेल्या. मावशी बघत राहिली. तिच्या डोळ्यांदेखत दुसरं कोणीतरी तिच्यासाठी रांधत होतं. तिच्या तोंडाला चक्क पाणी सुटलं.

मग त्याने फळीखालून एक डबा ओढला, त्यातून मूठभर चिरलेला कांदा आणि गाजर काढलं आणि अंड्यांवर टाकलं.

"हे कोणी चिरलं?"

"येतं चिरून."

"कुठून?"

"सकाळी दार उघडलं की पायरीवर असतं." त्याने अंडं उलटलं. "सगळ्यांकडेच असतं. कोणाकडे चिरलेलं, कोणाकडे शिजवलेलं."

"कोण ठेवतं?"

माणसाने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. वय झालेला, उन्हाने रापलेला, साधा माणूस होता. "मी विचारलं नाही कधी," तो म्हणाला. "विचारलं, आणि यायचं थांबलं तर?"

त्याने ताट पुढे केलं. ते घेताना तिच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या. मनगटावर एक लालसर आडवी रेघ होती, तव्याची कड लागल्यावर पडते तशी. ताजी होती. चुरचुरत होती. तिने त्यावर पदर ओढला.

काका म्हणाले, "टपरी आहे, पण चव बघ!"

त्यानंतर तिने ठरवलं की आता झोपायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती काकांबरोबरच उठली. काका बाहेर गेल्यावर तिने बाल्कनीत प्लास्टिकची खुर्ची ओढली, कठड्याला पाय लावले आणि मांडीवर हात ठेवले, एका हाताने दुसरा घट्ट धरून. ऊन वर आलं तशी झोप आली. साधी झोप नव्हती ती. मानेवर कोणीतरी तळवा ठेवून हळूच खाली दाबावं तशी. ती उठून उभी राहिली. तोंडावर पाणी मारलं. खालच्या दुकानदाराला टोप्यांची किंमत विचारली, नको असताना घासाघीस केली. लहानपणी पाठ केलेले पाढे म्हटले. सतराच्या पाढ्यात नेहमीसारखी अडली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

कधीतरी तो तळवा मानेवरून निघाला.

गल्ली गप्प होती. तिला आधी कळेना की काय कमी आहे. मग कळलं, रोज जाग येताना गल्लीतून तळणाचा, कांदा परतल्याचा वास वर यायचा. आज नुसता समुद्राचा वास होता. भांड्यांचाही आवाज नव्हता. तिला ते बरं वाटलं. खांदे हलके होते. मनगट चुरचुरत नव्हतं.

आणि मग तिला भूक लागली.

आधी ती दचकलीच. पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि मग ते ओळखीचं निघालं. शाळेतून घरी येताना, दप्तर पाठीवर आपटत, शेवटच्या वळणावर जशी लागायची तशी भूक. किती वर्षांनी आली होती! मावशी एकटीच मोठ्याने हसली. काका आले तेव्हा ती साडी बदलून, वेणी घालून दारातच उभी होती.

"अहो, मला भूक लागलीय."

काका बघतच राहिले. हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने केसांवर कंगवा फिरवला. "चल. म्हणशील तिथे. आज तू म्हणशील ते."

निळ्या खुर्च्यांवर माणसं होती. सगळ्या भरलेल्या. पण बोलण्याचा आवाज नव्हता. समोरची ताटं रिकामी आणि स्वच्छ होती. एक लहान मुलगी टेबलावर डोकं ठेवून बसली होती. मिशावाला वेटर आतल्या दारापाशी हात बांधून उभा होता.

ते बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. पांढऱ्या टेबलक्लॉथांपाशी रुमाल मांडीवर पसरून माणसं बसली होती. भिंतीतल्या छोट्या लिफ्टचं दार उघडं होतं. आत काही नव्हतं.

धक्क्यावर टपरीवाला थंड शेगडीशेजारी बसला होता. तवा पालथा होता.

ते जात होते तसतशी माणसं माना वळवून बघत होती. काकांकडे नाही. रागाने तर मुळीच नाही. कॅन्टीनची घंटा झालेली असते, माणसं हातात ताटं घेऊन रांगेत उभी असतात आणि खिडकी अजून उघडलेली नसते, तेव्हा जसं बघतात तसं. ही नजर मावशीला पाठ होती.

"काहीतरी संपबिंप असेल," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

ते परत निळ्या खुर्च्यांपाशी आले. मघाशी सगळ्या भरलेल्या होत्या. आता मधलं एक टेबल रिकामं होतं. ते बसले. मिशावाला आला. त्याच्या हातात मेन्यू नव्हता.

"काय आहे जेवायला?" काकांनी विचारलं.

वेटरने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "आधण ठेवलंय."

तिने काकांकडे बघितलं. वाटलं, हे आता उठतील. म्हणतील, चल, बॅगा भरू. काका टेबलाटेबलांवरच्या माणसांकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला.

"अगं," ते हळूच, समजुतीच्या सुरात म्हणाले, "लोक खोळंबलेत."

"मला भूक लागलीय," मावशी म्हणाली.

"हो," वेटर म्हणाला. "सगळ्यांनाच लागलीय."

टेबलावर डोकं ठेवलेल्या मुलीने डोळे उघडले होते. ती तिच्याकडेच बघत होती.

भुकेल्या माणसांसमोर नुसतं बसून राहणं मावशीला कधी जमलंच नव्हतं. तिच्या मनाने काही ठरवायच्या आत पाय उठले.

आत कोणी नव्हतं. एक शेगडी, तिच्यावर मोठं पातेलं, पाण्याला उकळी फुटलेली. धुतलेल्या गाजरांचा ढीग. मधोमध खोलगट झालेला चिरायचा पाट. सुरीच्या मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलेली होती, ओल्या हातातून सटकू नये म्हणून ती गुंडाळते तशी. तिने सुरी उचलली. मूठ हातात बरोबर बसली.

खिळ्याला एप्रन होता. ओला होता.

खिडकीजवळ एक फळी होती. तिच्यावर ओळीने ताटं ठेवली होती, प्रत्येकावर एक ताट पालथं घालून.

तिने पहिलं झाकण उचललं. मासा, बटाटे, शेंगा. नासलेलं नव्हतं. फक्त गार. दोन घास कमी होते.

दुसरं उचललं. कडेला गाजराची पाचर होती, तिने ठेवली होती तशीच.

पुढची तिने उचलली नाहीत. ओळीच्या शेवटी एका ताटाची जागा मोकळी होती, नुकती पुसलेली.

तिने एप्रन बांधला. तेल तापलं, वाफ वर आली, तोंडावरून गेली. तिने पोटात भूक शोधली. ती अजून होती. पहिलं गाजर चिरून होईपर्यंत होती.

मग बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. माणसं सावरून बसत होती, कोणीतरी हसलं, चमचे वाजले. ताटं जायला लागली. दाराच्या फटीतून वेटर काहीतरी विचारताना ऐकू आला, आणि पाठोपाठ काकांचा आवाज, भरल्या तोंडाचा, घरच्यासारखा निवांत.

"नाही नाही, तिचं आत्ता वाढू नका. झाकून ठेवा. ती मागाहून जेवते."